रुपयाचे पाच पैसे का होतात?

एके काळी मराठी घरात रंगीत टीव्ही आला की तो व्हिडिओकॉनचा असण्याची शक्यता मोठी होती. औरंगाबादजवळच्या चितेगावच्या कारखान्यावर आसपासच्या कितीतरी गावांची चूल पेटत होती. पुढे या समूहाने तेल, मोबाइल सेवा अशा अनेक उद्योगांत उडी घेतली आणि कर्जाचा डोंगर उभा राहिला. 8 जून 2021 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने, म्हणजे एनसीएलटीने, समूहातल्या तेरा कंपन्या वेदान्त समूहाच्या ट्विन स्टार या कंपनीला विकण्याची योजना मंजूर केली. धनकोंचे मान्य झालेले दावे होते सुमारे 64,800 कोटी रुपयांचे आणि देऊ केलेली रक्कम होती सुमारे 2,960 कोटी. म्हणजे रुपयाला पाच पैसेसुद्धा नाहीत.

अशी बातमी आली की गावोगाव एकच प्रश्न विचारला जातो. ट्रॅक्टरचे चार हप्ते थकले तर वसुलीवाले दारात उभे राहतात. मग हजारो कोटी बुडाले तरी बँका चार-पाच पैशांवर समाधान कसे मानतात?

हा राग रास्त आहे, पण त्यात दोन वेगळे प्रश्न एकमेकांत अडकले आहेत. मालकाच्या खिशातून वसुली का होत नाही, हा पहिला. कंपनीची किंमत इतकी कमी का उरते, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सोपे आहे. दुसऱ्याचे उत्तर शोधताना मात्र आपल्या देशाचा चाळीस वर्षांचा औद्योगिक इतिहास चाळावा लागतो.

कंपनी आणि मालक वेगळे

ट्रॅक्टरचे कर्ज शेतकऱ्याने स्वतःच्या नावावर घेतलेले असते. ऋणको तोच आणि मालकही तोच. कंपनीचे तसे नसते. कायद्याच्या नजरेत कंपनी ही एक स्वतंत्र व्यक्ती आहे. कर्ज तिच्या नावावर असते, मालमत्ताही तिच्याच नावावर असते. भागधारकाने भागांसाठी जेवढे पैसे घातले तेवढेच तो गमावतो. यालाच मर्यादित दायित्व म्हणतात.

हे तत्त्व लंडनच्या एका बूट बनवणाऱ्याच्या खटल्यात पक्के झाले. अ‍ॅरन सॉलोमन याने आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. 20,007 पैकी 20,001 भाग त्याच्याच नावावर होते. कंपनी बुडाली तेव्हा धनको म्हणाले की कंपनी आणि सॉलोमन एकच आहेत. 1896 मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल दिला की नाही, दोघे वेगळे आहेत.

हे अन्यायाचे वाटते खरे. पण भागधारकाचे घरदार गहाण पडणार असते, तर पुण्या-नाशिकच्या निवृत्त शिक्षकाने कुठल्या कंपनीचे दहा भाग घेण्याचे धाडस केले असते? मोठे कारखाने, रेल्वे, जहाजे उभी राहिली ती या संरक्षणामुळेच. अर्थात मालकाने बँकेला वैयक्तिक हमी लिहून दिली असेल, तर हे संरक्षण तेवढ्यापुरते संपते. अशा हमीदारांवर नादारीची कारवाई करता येते, यावर सर्वोच्च न्यायालयाने मे 2021 मध्ये शिक्कामोर्तब केले.

माग, बीम आणि भंगार

आता दुसरा प्रश्न. समजा, इचलकरंजीत एक कापड कारखाना आहे. बँकेचे सहा कोटी, सुताच्या व्यापाऱ्याचे दोन कोटी, आणखी चार-पाच जणांचे मिळून दोन कोटी, असे दहा कोटींचे देणे आहे. कारखाना चालू स्थितीत विकला तर सात कोटी येतील. कारण घेणाऱ्याला नुसते माग मिळत नाहीत. हाताखाली तयार झालेले कारागीर मिळतात, ठरलेली गिऱ्हाइके मिळतात, वीजजोडणी मिळते, बाजारातले नाव मिळते.

पण धनकोंना कारखाना डबघाईला आल्याची कुणकुण लागली की काय होते? सुताचा व्यापारी रात्रीच टेम्पो पाठवून शिल्लक सूत आणि बीम उचलतो. बँक मागांना सील ठोकते. वीजबिल थकल्याने जोडणी तुटते. कारागीर दुसऱ्या कारखान्यात कामाला लागतात. प्रत्येक जण आपापल्या परीने शहाणपणाने वागलेला असतो. पण महिन्याभराने विकायला उरते ते भंगार, आणि त्याचे येतात तीन कोटी.

सात आणि तीन यांमधले चार कोटी कुणी चोरले नाहीत. धावपळीत ते विरून गेले. कंपनी वाचवण्याचा कायदा जगभर कुठेही वाचा, त्याच्या गाभ्याशी हे चार कोटी सापडतील.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही धंद्यांचा काळच संपलेला असतो. असा धंदा चालू ठेवला तर रोज तोटा वाढतो आणि तुकड्यांनी विकला तर जास्त पैसे येतात. असा उद्योग लवकर बंद करून त्याची जमीन, यंत्रे आणि माणसे दुसऱ्या कामासाठी मोकळी करणे हेही कायद्याचेच काम. कोणता रोगी बरा होईल आणि कोणता नाही, हे वेळेत ठरवणे हीच खरी परीक्षा आहे.

खळ्यावरची रास

आपल्याकडे बलुतेदारी होती तेव्हा सुतार, लोहार, चांभार, न्हावी यांचा वाटा खळ्यावर मिळे. मळणी व्हायची, रास पडायची, मग ज्याचे त्याला मापून दिले जायचे. उभ्या पिकातून कुणी आपल्या वाट्याची कणसे आधीच खुडून नेऊ लागला असता, तर रासच पडली नसती.

नादारीचा कायदा नेमका हाच नियम कंपनीला लावतो. अर्ज मंजूर झाला की सगळ्यांनी हात आवरायचे. नवी जप्ती नाही, चालू दावे पुढे नाहीत, तारणाचा लिलाव नाही. या मनाईला अधिस्थगन म्हणतात आणि ही संरक्षक मुदत कंपनीसाठी असते, मालकासाठी नव्हे. एवढे लक्षात ठेवले तरी या कायद्याबद्दलचे निम्मे गैरसमज दूर होतात.

'नादार' हा शब्द जुन्या पिढीला शाळेमुळे माहीत असेल. ज्याची फी माफ तो नादार विद्यार्थी. देणी भागवण्याची ऐपत नसणे म्हणजे नादारी, आणि तशी ऐपत नसल्याचे कायदेशीरपणे जाहीर होणे म्हणजे दिवाळखोरी. आपण बोलताना दोन्ही एकच समजतो, पण नादार कंपनी वाचू शकते. पेशवाईत सावकार ऋणकोच्या दारात धरणे धरून बसत. इंग्रजी अमलात कर्जासाठी तुरुंग होता. सुप्यासारख्या गावांतून 1875 मध्ये सावकारांविरुद्ध दंगे पेटले, त्यानंतर 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकणे बंद केले. देणे फिटत नाही म्हणून माणसाला चिरडण्यापेक्षा त्यातून मार्ग काढावा, हा विचार आपल्या मातीला परका नाही.

आजारी उद्योगांचा दवाखाना

गिरणगावात वाढलेल्या माणसाला ही पुढची गोष्ट मुद्दाम सांगायला नको. 18 जानेवारी 1982 ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईत गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. नंतर अनेक गिरण्यांचे भोंगे पुन्हा वाजलेच नाहीत. देशभरच कारखाने आजारी पडत होते, म्हणून 1985 मध्ये आजारी उद्योगांसाठी कायदा झाला आणि 1987 पासून औद्योगिक व वित्तीय पुनर्रचना मंडळ, म्हणजेच बीआयएफआर, काम करू लागले.

हेतू चांगला होता, पण रचनेत दोन दोष होते. पहिला म्हणजे आजाराची व्याख्या. साचलेल्या तोट्याने कंपनीचे सगळे स्वतःचे भांडवल खाऊन टाकले की मगच ती आजारी ठरे. श्वास थांबल्यावर डॉक्टरला बोलवा, असा तो नियम होता. दुसरा दोष त्याहून गंभीर. मंडळाकडे प्रकरण गेले की सगळी वसुली थांबे, पण जुना मालक खुर्चीवर तसाच राही आणि या थांबण्याला शेवटची तारीख नव्हती. मग लवकर निकाल लागावा असे त्या मालकाला का वाटावे? यंत्रांवर गंज चढत राहिला आणि मुंबईत गिरण्यांखालच्या जमिनीचे भाव चढत राहिले. कामगारांची देणी मात्र वर्षानुवर्षे अडकून पडली. कायद्याने ताटकळण्यालाच बक्षीस लावले होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही त्याच मंडळाच्या दारातून एक विलक्षण प्रयोग बाहेर पडला. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज ही मालक कुटुंबातल्या भांडणाने बंद पडली. कामगारांनी स्वतःच कंपनी चालवण्याची योजना मांडली आणि 1988 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला मान्यता दिली. कामगारच भागधारक झाले. कंपनी पुढे पुन्हा अडचणीत आली. 2006 मध्ये अकोला जिल्ह्यातून आलेल्या कल्पना सरोज तिच्या अध्यक्ष झाल्या आणि त्यांनी ती सावरली. 2013 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. उद्योग एक आणि त्याचा मालक दुसरा, मालक बदलूनही उद्योग जगू शकतो, हे कुर्ल्याच्या कामगारांनी नव्या कायद्याच्या अठ्ठावीस वर्षे आधी दाखवून दिले होते.

नवा कायदा, पावलापावलाने

टी. के. विश्वनाथन यांच्या समितीने 2015 च्या नोव्हेंबरमध्ये अहवाल दिला. त्यावरून नादारी व दिवाळखोरी संहिता, 2016 तयार झाली. 28 मे 2016 ला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कंपन्यांसंबंधीच्या तरतुदी 1 डिसेंबर 2016 पासून लागू झाल्या. त्याच दिवशी बीआयएफआर इतिहासजमा झाले.

नव्या कायद्याने प्रश्नच बदलला. पूर्वी विचारत, 'भांडवल संपले का?' आता विचारतात, 'ठरल्या दिवशी पैसे दिले का?' एक हप्ता चुकला तरी धनको एनसीएलटीकडे जाऊ शकतो. थकबाकीची किमान रक्कम आधी 1 लाख होती, ती मार्च 2020 मध्ये 1 कोटी करण्यात आली. अर्ज बँक करू शकते, माल पुरवणारा करू शकतो, कंपनी स्वतःही करू शकते.

अर्ज मंजूर झाला की संचालक मंडळाचे अधिकार त्या क्षणी स्थगित होतात. एक नादारी व्यावसायिक कंपनीचा कारभार हाती घेतो. हा नोंदणीकृत तज्ज्ञ असतो, बहुधा सनदी लेखापाल, कंपनी सचिव किंवा वकील. तो वर्तमानपत्रात जाहीर नोटीस देतो, दावे गोळा करतो, ते तपासतो आणि कर्ज देणाऱ्यांची, म्हणजे बँका, रोखेधारक, ठेवीदार यांची समिती बनवतो. खरी सत्ता या धनको समितीच्या हाती असते. खरेदीदारांकडून योजना मागवायच्या, त्यावर चर्चा करायची आणि मतदान घ्यायचे. कर्जाच्या रकमेच्या प्रमाणात मताचे वजन ठरते. 66 टक्के मतांनी योजना मंजूर होते आणि मग न्यायाधिकरण तिच्यावर शिक्का उठवते. सगळ्याला मिळून मुदत 180 दिवस, वाढवून 270, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कोर्टकज्ज्यांसह 330 दिवस. मुदतीत योजना जमली नाही तर अवसायन, म्हणजे कंपनी मोडून तिची मालमत्ता विकणे.

या कायद्याखालचा पहिलाच खटला महाराष्ट्रातला निघाला. पुण्याच्या इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज या पोलादी नळ्यांच्या कंपनीवर आयसीआयसीआय बँकेने अर्ज केला. कंपनी म्हणाली, राज्य सरकारने 1958 च्या साहाय्यित उपक्रमांच्या कायद्याखाली आम्हाला देणी थांबवण्याचे संरक्षण दिले आहे. 31 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की संसदेची ही संहिता त्या कायद्यावर मात करते. त्याच निकालात न्यायालयाने म्हटले की नियंत्रण हातून गेलेल्या जुन्या संचालकांना कंपनीच्या नावाने अपीलही करता येत नाही. मालकाची खुर्ची खरोखरच जाऊ शकते, हे देशातल्या उद्योगजगताला त्या दिवशी कळले.

एक पळवाट मात्र उरली होती. गहाण जमिनीचा लिलाव लागावा आणि कर्जबुडव्यानेच मेहुण्याच्या नावाने ती स्वस्तात सोडवून घ्यावी, तसे जुनेच मालक आपली कंपनी कर्जमुक्त करून परत घेऊ शकत होते. नोव्हेंबर 2017 मध्ये 29अ हे कलम घालून ती वाट बंद केली. हेतुपुरस्सर कर्ज थकवणारे आणि ज्यांची खाती वर्षभर बुडीत आहेत असे मालक व त्यांचे निकटचे संबंधित आता बोली लावू शकत नाहीत. लहान उद्योगांना यात सवलत आहे, आणि ती योग्यच आहे. तालुक्याच्या औद्योगिक वसाहतीतला छोटा कारखाना घ्यायला दुसरे कोण येणार?

चौकट : थोडक्यात शब्द
धनको – ज्याचे येणे आहे तो. ऋणको – ज्याचे देणे आहे तो.
अधिस्थगन – कारवाई चालू असेपर्यंत कंपनीकडून कुणीही वसुली करायची नाही असा आदेश.
तोडगा योजना – कंपनी कोण घेणार, कुणाला किती देणार, धंदा कसा चालवणार याचा मंजूर आराखडा.
अवसायन – कंपनी मोडून मालमत्ता विकणे आणि क्रमाने वाटप करणे.
हेअरकट – दाव्याच्या रकमेतला धनकोंनी सोडून दिलेला भाग.

वरची चारी आणि शेवटची चारी

पैसे कमी आणि मागणारे फार, अशा वेळी वाटप कसे करायचे? पाटाचे आवर्तन सुटल्यावर वरच्या चारीचे रान भिजते आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत कधीकधी पाणी पोचतच नाही. अवसायनातले वाटप तसेच उतरत जाते. आधी या सगळ्या प्रक्रियेचा खर्च. मग एकाच पायरीवर दोघे : कामगारांची मागच्या 24 महिन्यांची देणी आणि आपले तारण सामायिक कुंडात सोडून देणारे तारणधारी धनको. त्याखाली इतर कर्मचाऱ्यांचे 12 महिन्यांचे वेतन, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकारी कर. शेवटच्या चारीवर भागधारक. कंपनी अवसायनात गेली असतानाही तिचा दोन रुपयांचा भाग 'स्वस्त मिळतोय' म्हणून घेणाऱ्यांनी आपण या पाटावर कुठे उभे आहोत ते पाहावे. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीचा निधी या कुंडात येतच नाही. तो कामगारांचा स्वतंत्र पैसा आहे.

या रचनेत मला सर्वांत टोचणारी गोष्ट म्हणजे लहान पुरवठादारांची जागा. सुटे भाग देणारा, खोकी पुरवणारा, वाहतूक करणारा यांना कायदा व्यावहारिक धनको म्हणतो. समितीत त्यांना साधारणतः मत नसते. किमान किती द्यायचे याची हमी आहे, पण ती 'अवसायनात जेवढे मिळाले असते तेवढे' अशी, आणि त्या हिशेबाने त्यांच्या चारीला बहुधा थेंबही येत नाही. व्हिडिओकॉनच्या योजनेत या गटाच्या वाट्याला 0.72 टक्के होते. शंभर रुपयांना बहात्तर पैसे. त्यांत अनेक लघुउद्योग होते. योजना मंजूर करतानाच न्यायाधिकरणाने हा मुद्दा उचलला आणि त्यांची रक्कम वाढवण्याची विनंती केली. बँकेचे कर्ज बुडाले तर बँक ताळेबंदात तरतूद करते. वाळूजमधल्या छोट्या शेडवाल्याकडे तरतूद कुठली? एक मोठी कंपनी बुडताना अशा पन्नास छोट्या कंपन्यांना सोबत ओढते. धोरण आखणाऱ्यांनी यावर अजून पुरेसे लक्ष दिलेले नाही.

विमाने जमिनीवर आली तेव्हा

वेळेची किंमत कळण्यासाठी दोन विमान कंपन्या शेजारी ठेवून पाहू.

अमेरिकन एअरलाइन्सच्या मूळ कंपनीने 29 नोव्हेंबर 2011 रोजी अमेरिकेतल्या नादारी कायद्याच्या अकराव्या प्रकरणाखाली अर्ज केला. तिथे जुने व्यवस्थापन सहसा कारभार पाहतच राहते आणि न्यायालयाच्या देखरेखीखाली देण्यांची फेररचना होते. त्या काळात विमाने रोज उडत होती, तिकिटे विकली जात होती. डिसेंबर 2013 मध्ये यूएस एअरवेजशी विलीन होऊन कंपनी या प्रक्रियेतून बाहेर पडली.

मुंबईची जेट एअरवेज 1993 पासून उडत होती. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून मुंबईला निघालेले तिचे विमान शेवटचे ठरले. एनसीएलटीने प्रकरण दाखल करून घेतले 20 जून 2019 ला, म्हणजे दोन महिन्यांनी. तोवर भाडेतत्त्वावरची विमाने मालकांनी नेली होती, विमानतळांवरच्या उड्डाणाच्या वेळा इतर कंपन्यांना वाटल्या गेल्या होत्या आणि वैमानिक दुसरीकडे रुजू होत होते. कारखान्याला निदान जमीन असते, शेड असते. विमान कंपनी म्हणजे वेळापत्रक, परवाने आणि प्रवाशांचा भरवसा. ते थांबले की मागे फारसे काही उरत नाही.

तरीही जालान-कालरॉक गटाची योजना आली आणि जून 2021 मध्ये ती मंजूर झाली. मग पैसे कधी भरायचे, किती भरायचे, बँक हमी त्यात धरायची की नाही, यावर वाद सुरू झाले. पहिल्या टप्प्यातले 350 कोटीही ठरल्याप्रमाणे पूर्ण आले नाहीत. अखेर 7 नोव्हेंबर 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने विशेषाधिकार वापरून कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. कर्मचाऱ्यांना दिलासा एवढाच की भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी पूर्ण द्यावी लागेल, या अपीली न्यायाधिकरणाच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2023 मध्ये हस्तक्षेप करायला नकार दिला होता.

शेवटच्या उड्डाणापासून या आदेशापर्यंत साडेपाच वर्षे गेली. कायद्यात लिहिलेले होते 330 दिवस.

पाच पैशांचा हिशेब

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे. रुपयाचे पाच पैसे होतात तेव्हा ती तूट एकाच दिवशी पडलेली नसते.

दाव्याच्या रकमेत मुद्दल असतेच, शिवाय वर्षानुवर्षे चढलेले व्याज आणि दंडव्याजही असते. दुसरीकडे, त्या पैशातून उभी राहिलेली मालमत्ता तेवढीच वर्षे झिजलेली असते. अनेक बँकांनी बुडीत कर्ज बुडीत म्हणायला उशीर केला. जुने कर्ज फेडायला नवे दिले आणि खाते कागदावर निरोगी ठेवले. रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये बँकांची खाती कठोरपणे तपासायला घेतली, तेव्हा हे झाकण उडाले. मार्च 2018 मध्ये बँकांच्या शंभर रुपयांच्या कर्जातले अकराहून अधिक रुपये थकीत निघाले. या वर्षांत कारखाने रोज थोडे थोडे भंगार होत होते. नादारीचा कायदा आला तेव्हा तूट पडून गेली होती. कायद्याने फक्त ती मोजून दाखवली.

म्हणून हेअरकट पाहताना दाव्याच्या शेजारी आणखी एक आकडा पाहावा : कंपनी मोडून विकली असती तर किती आले असते? नादारी व दिवाळखोरी मंडळाच्या आकडेवारीनुसार तोडगा निघालेल्या कंपन्यांत धनकोंना मान्य दाव्यांच्या साधारण एक तृतीयांश रक्कम मिळते, पण ती मोडीच्या किमतीपेक्षा बरीच जास्त असते. आणि जिथे उद्योग धडधडत होता तिथे चित्र निराळे आहे. सुरतेजवळच्या हजिऱ्याचा एस्सार स्टीलचा कारखाना खटला चालू असतानाही पोलाद ओतत राहिला. 2019 मध्ये तो आर्सेलरमित्तल आणि निप्पॉन स्टीलने घेतला, योजना 42,000 कोटींची होती आणि कर्ज देणाऱ्यांचे दावे सुमारे 49,000 कोटींचे. तिथे रुपयाला ऐंशी पैशांहून अधिक मिळाले. कायदा तोच होता. भट्टी विझू दिली नव्हती, हा फरक.

व्हिडिओकॉनचे काय झाले? स्वतः मतदान करून मंजूर केलेल्या योजनेचा फेरविचार व्हावा असे बँकांनाही पुढे वाटले. अपीली न्यायाधिकरणाने जुलै 2021 मध्ये स्थगिती दिली आणि जानेवारी 2022 मध्ये मंजुरी रद्द करून प्रकरण परत पाठवले. लिलाव पुन्हा करता येतो, पण गेलेली वर्षे परत आणता येत नाहीत.

या कायद्याचा एक परिणाम आकड्यांत सहज दिसत नाही. अर्ज झाला की खुर्ची जाईल, या धास्तीने हजारो प्रकरणे अर्ज दाखल करून घेण्याच्या आतच मिटली, पैसे भरले गेले. हे यश मोठे आहे. अपयश म्हणाल तर न्यायाधिकरणाच्या दारातली रांग. अर्जावर 14 दिवसांत निर्णय व्हावा असे कायदा म्हणतो, प्रत्यक्षात महिनेच्या महिने जातात. सदस्यांच्या जागा रिकाम्या राहतात. नवी कलमे घालण्याआधी पुरेशी न्यायासने भरा, हे माझे पहिले मागणे राहील.

वर्तमानपत्रातली ती बारीक टायपातली नोटीस

हा विषय शिकू पाहणाऱ्या कायद्याच्या, वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना मी सुरुवात संहितेच्या कलमांपासून करू नका असे सांगेन. आपल्या जिल्ह्यातली एखादी बंद पडलेली कंपनी निवडा. न्यायाधिकरणाचे आदेश संकेतस्थळावर खुले आहेत. पहिल्या आदेशापासून शेवटच्यापर्यंत ते तारखेने लावून वाचा आणि प्रत्येक दोन तारखांच्या मध्ये कारखान्यात काय चालले असेल, ते तिथे काम केलेल्या माणसाला विचारा.

आणि जे विद्यार्थी नाहीत, पण कामगार, पुरवठादार किंवा ठेवीदार आहेत, त्यांच्यासाठी एक काम आहे. कंपनीची नादारी प्रक्रिया सुरू झाली की तिच्या नोंदणीकृत कार्यालयाच्या भागात एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेच्या वर्तमानपत्रात 'फॉर्म ए' या मथळ्याची जाहीर नोटीस छापावी लागते. म्हणजे आपल्याकडे ती मराठीत येते, आतल्या पानावर, बारीक टायपात. पुरवठादाराने दावा 'फॉर्म बी'मध्ये करायचा, कर्ज वा ठेव देणाऱ्याने 'सी'मध्ये किंवा नोटिशीत सांगितले असेल तर 'सीए'मध्ये, कामगार-कर्मचाऱ्याने 'डी'मध्ये. सोबत बिले, पगारपावत्या, बँकेच्या नोंदी जोडायच्या. सर्वोच्च न्यायालयाने 13 एप्रिल 2021 रोजी स्पष्ट केले आहे की योजना मंजूर झाल्यावर तिच्यात नसलेले जुने दावे संपुष्टात येतात. तुमचे पैसे खरे असले तरी.

त्यामुळे अशी नोटीस दिसली तर कंपनीत कुणाला फोन करत बसू नका. नोटिशीतली दाव्याची शेवटची तारीख आधी पाहा आणि त्या तारखेच्या आत कागद पोचते करा.